वेस्ट टॅमरॅकमधील उलट्या पाण्याचा बंदोबस्त

पाणी नळातून बाहेर यावं आणि एकदा बाहेर आलेलं पाणी पुन्हा नळात शिरू नये, या दोन अपेक्षांवर मानवी संस्कृती उभी आहे. पहिल्या अपेक्षेसाठी माणसं भांडतात, मोर्चे काढतात, सरकारं पाडतात. दुसरीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. आलेलं पाणी पुढेच जाणार असं सगळे धरून चालतात, जणू पाण्याने तसा शब्द दिला आहे.

मिनेसोटातल्या वेस्ट टॅमरॅक गावाची नगरपालिका असं काही धरून चालत नाही. तिचा पाण्यावर मुळात भरवसाच नाही, आणि ही गोष्ट तिला भूषणावह आहे.

दर वसंतात बर्फ वितळून रस्त्यातले खड्डे दिसायला लागले (खड्ड्यांचं खातं वेगळं आहे, त्यांना अजून पुस्तिका काढायला जमलेलं नाही) की पाणी खातं घरोघर एक पुस्तिका पाठवतं. तिचं नाव "तुमचं पाणी आत्ता कुठे होतं?" मुखपृष्ठावर एक सुखी कुटुंब पाणी पीत असतं आणि त्यांच्या मागे, त्यांच्या नकळत, एक रबरी पाइप कवटीचं चित्र असलेल्या डब्यात तोंड बुडवून पडलेला असतो. पाइपाच्या चेहऱ्यावरही समाधान दाखवलं आहे.

खात्यानेच केलेल्या पाहणीनुसार गावातल्या नव्वद टक्के लोकांना उलटा प्रवाह म्हणजे काय हे ठाऊक नाही. ते रात्री शांत झोपतात. उरलेल्या दहा टक्क्यांना ठाऊक आहे, आणि त्यांना जागरूक नागरिक म्हणतात, कारण ते जागे असतात. पुस्तिकेचा उद्देश पहिल्या गटातल्या माणसांना दुसऱ्या गटात आणणं हा आहे.

सोल्वे लिंडक्विस्ट एका दुपारीत दुसऱ्या गटात आली. तिने कॉलेजात ग्रंथालयशास्त्र केलं होतं, त्यामुळे हाती पडलेला छापील मजकूर शेवटपर्यंत वाचायची तिला खोड होती. त्यातून घरात आठ महिन्यांचा ऑगी. मूल झाल्यापासून तिने औषधाच्या बाटल्यांवरचा बारीक मजकूर वाचला होता, पाळण्याच्या स्क्रूंबरोबर आलेला कागद वाचला होता, खेळण्यातल्या बदकाच्या पोटावर काय छापलंय तेही वाचलं होतं. ऑगी मांडीवर झोपलेला, हात अडकलेले, आणि हाताला येईल अशी एकच वस्तू म्हणजे ती पुस्तिका. तिने वाचली. गावात ती पुरी वाचणारी ती पहिलीच असावी. लिहिणाऱ्यांनीही ती पुरी वाचली नसावी असं म्हणायला जागा आहे, कारण नवव्या पानानंतर एकदम अकरावं होतं.

पुस्तिकेचं म्हणणं थोडक्यात असं: रस्त्याखालच्या मोठ्या नळाला दाब असतो, म्हणून पाणी घराकडे येतं. तो दाब अचानक पडला, म्हणजे नळ फुटला किंवा अग्निशामक दलाने रस्त्याकडेचा आपला बंबाचा नळ उघडला, की पाणी उलटं फिरतं. मग गल्लीत ज्याच्या पाइपाचं तोंड ज्यात बुडालेलं असेल ते सगळं, पोरांनी काडीने सरबत ओढावं तसं, नळाच्या आत ओढलं जातं. चढावरच्या घरांतलं सगळ्यात आधी. दाब परत आला की ते मोठ्या इमानदारीने घराघरांत वाटलं जातं. पुढे पाइप कशाकशात बुडालेले सापडले याची यादी होती: कुत्र्याच्या आंघोळीचा टब, रंगाचा डबा, होडीचा तळ, गुरांची पाण्याची डोणी, आणि एका प्रकरणी काकडीच्या लोणच्याचं पिंप. (मालकाने ते लोणचं पुढे जत्रेतल्या स्पर्धेत पाठवलं. तिसरं आलं.)

म्हणून ज्या घराच्या हिरवळीत जमिनीखालून फवारे आहेत, त्या प्रत्येक घराच्या भिंतीलगत गुडघ्याएवढ्या उंचीवर एक झडपेचं साधन बसवलेलं असतं. पुस्तिकेत त्याला "प्रतिप्रवाह प्रतिबंधक यंत्रणा" म्हटलं आहे, लोक "ते पितळी" म्हणतात. ते दरवर्षी प्रमाणित चाचणीकाराकडून तपासून घ्यायचं, उत्तीर्ण झालं की त्याच्या गळ्यात पिवळी पट्टी अडकवायची, आणि मग वर्षभर निर्धास्त राहायचं.

सोल्वेने पुस्तिका मिटली आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. शेजारचे एल्डन श्मिट्के आपल्या हिरवळीवर उभे होते. एल्डन म्हणजे दूध संघातून निवृत्त झालेले, बायको वारलेली, आणि आता उरलेलं सगळं वैर पिवळ्या रानफुलांशी. त्यांच्या हातात रबरी पाइप होता आणि पाइपाच्या तोंडाला तणनाशकाची हिरवी बाटली. एल्डनच्या भिंतीवरच्या पितळी साधनाच्या गळ्यात पट्टी नव्हती.

म्हणजे त्यांच्या हातातली हिरवी बाटली आणि ऑगीच्या तोंडातली दुधाची बाटली, यांच्या मधे फक्त एक झडप उभी होती. आणि तिची परीक्षा झालेली नव्हती.

त्या दिवसापासून ऑगीच्या दुधाची पावडर विकतच्या पाण्यात कालवली जाऊ लागली. गल्लीतलं प्रत्येक पितळी उत्तीर्ण होईपर्यंत नळाच्या पाण्याचा थेंब मुलाच्या पोटात जाऊ द्यायचा नाही, असं सोल्वेने ठरवलं. पाण्याचे कॅन उचलून आणायचं काम नवऱ्याकडे आलं.

"अगं, मी याच गावच्या नळाचं पाणी पिऊन वाढलो," नेल्स म्हणाला. तो शाळेत व्यायाम शिकवायचा, त्यामुळे वजन उचलण्याबद्दल त्याला उघड तक्रार करता येत नव्हती.

सोल्वे त्याच्याकडे बघत राहिली.

"काय?"

"काही नाही. तुझ्या आईला विचारलं पाहिजे, लहानपणी तुमच्या शेजारी कोण राहायचं."

नेल्सने कॅन उचलला.

वेस्ट टॅमरॅकमधली चाचणी पाहण्यासारखी असते, आणि लोक ती पाहतात. प्रमाणित चाचणीकार एकच आहे, डिवेन. तो हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर मासे धरणाऱ्यांना गळाचे किडे विकतो आणि उन्हाळ्यात गावाला उलट्या पाण्यापासून वाचवतो. दोन्ही धंद्यांना तो एकच डबा वापरतो, असं लोक म्हणतात. तो येतो, गुडघ्यावर बसतो, दाबमापकाच्या नळ्या पितळी साधनाला जोडतो, काट्याकडे पाहतो आणि "हूं" म्हणतो. हा "हूं" उत्तीर्ण. कधीकधी तो काट्याकडे पाहतो आणि काहीच म्हणत नाही. मग पान्याने साधनाला एक ठेवून देतो, पुन्हा पाहतो आणि मग "हूं" म्हणतो. हाही उत्तीर्ण, पण याला दुरुस्ती म्हणतात.

डिवेन येणार त्या दिवशी गल्ली कशी लखलखीत असते. कुत्र्याच्या टबातला पाइप निघतो, रंगाच्या डब्यातला निघतो, माशांच्या हौदातला निघतो, आणि सगळे पाइप वेटोळी करून खुंट्यांवर टांगले जातात. परका माणूस तपासायला येणार म्हटल्यावर घर आवरून ठेवणं हा साधा शिष्टाचार आहे. डिवेनची गाडी वळली की पाइप पुन्हा जिथल्या तिथे. ही लबाडी समजू नये. डिवेनला झडपा तपासायचे अधिकार आहेत. पाइपाचं दुसरं टोक कशात आहे हे पाहणं त्याच्या प्रमाणपत्रात बसत नाही, आणि प्रमाणपत्राबाहेरच्या गोष्टीत नाक खुपसणारा माणूस वेस्ट टॅमरॅकमध्ये टिकत नाही.

सोल्वेच्या स्प्रूस गल्लीच्या तोंडाशी पाणी खात्याने फलक लावला होता: "ही गल्ली इतके टक्के सुरक्षित". ज्या गल्लीचे शंभर भरतील तिला नगरपालिकेतर्फे समारंभ. उन्हाळा चढला तसा आकडा चढत गेला आणि शंभराच्या अलीकडे येऊन बसला तो बसलाच. राहिलं होतं एकच पितळी.

"एल्डन ना," गल्लीतले लोक म्हणायचे, "एल्डन आपले एल्डन आहेत." मिनेसोटात माणसाबद्दल याहून वाईट बोलायची पद्धत नाही.

तेव्हा सोल्वेने लिंबाच्या वड्या केल्या, ऑगीला काखोटीला मारलं आणि ती श्मिट्केंच्या दारात गेली.

इथे हे सांगितलं पाहिजे की वेस्ट टॅमरॅकमध्ये कामाची गोष्ट घरात बसून बोलत नाहीत. आधी वड्यांना तीनदा नको म्हणायचं आणि चौथ्यांदा दोन घ्यायच्या. मग हवा. मग हायवेवरचं काम कसं लांबलंय. मग कोण आजारी आहे. मग "बरं, चला तर" म्हणत गुडघ्यांवर थाप मारून उठायचं. खरं बोलणं सुरू होतं ते दारात, एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून. सोल्वे इथलीच. तिने सगळं रीतसर केलं, गुडघ्यावर थाप मारली, दाराशी आली, पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली, "एल्डन, तुमचं ते पितळी छान आहे हं."

"ठीक आहे," एल्डन म्हणाले.

"जुनं आहे ना?"

"माझ्यापेक्षा तरुण आहे."

"नाही, डिवेन परवा आमच्याकडे आला होता. म्हटलं, जाता जाता तुमच्याकडेही..."

"डिवेनने माझ्या मेव्हण्याचं तपासलं," एल्डन म्हणाले. "त्याआधी ते चांगलं होतं."

ऑगीने एल्डनच्या टोपीची कड पकडली.

"हे बघ पोरी. हे घर बांधल्यापासून माझं पाणी एकदाही परत आलेलं नाही."

"पण आलं तर कळणार कसं?"

"का नाही कळणार? इतकी वर्षं बिल भरतोय. ओळखीचं आहे."

"तसं नाही हो. मला आपली काळजी. तुमचा तो फवारा, ती हिरवी बाटली... आणि याचं दूध."

एल्डननी पहिल्यांदा ऑगीकडे नीट पाहिलं. ऑगीने टोपीची कड तोंडात घातली होती. "हा नळाचं पाणी पितो?"

"छे. याला आम्ही विकत आणतो."

"काय विकत आणता?"

"पाणी."

एल्डन दाराची चौकट धरून उभे राहिले. विषाचं नाव काढलं तेव्हा त्यांचा चेहरा हलला नव्हता, आता हलला. "पाणी?" ते म्हणाले. "दुकानातून?"

"कॅनमधून येतं."

"पोरी, या राज्यात चालताना माणूस तळ्यात पडतो. आणि तू पाणी दुकानातून आणतेस."

"तुमचं पितळी तपासून झालं की नाही आणणार."

"तुझ्या सासऱ्याला माहीत आहे का हे?"

"अजून नाही."

"नको सांगूस. त्याचं मागेच एक ऑपरेशन झालंय." एल्डननी ऑगीच्या तोंडातून टोपी हळूच सोडवून घेतली. "पाठव त्या डिवेनला. पण पान्याने मारायचं नाही म्हणावं. मारायचं असेल तर मी मारीन."

डिवेन गेला, गुडघ्यावर बसला, काट्याकडे पाहिलं. काही म्हणाला नाही. त्याने एल्डनकडे पाहिलं. एल्डननी पान्याने एक ठेवून दिला. डिवेन म्हणाला, "हूं."

फलकावर शंभर झाले.

समारंभ शनिवारी दुपारी ठरला आणि तो दिवस असा तापला की डांबर बुटांना चिकटायला लागलं. गल्लीच्या खालच्या टोकाला चौकात घड्या घालायच्या खुर्च्या मांडल्या. पाणी खात्याच्या प्रमुख मार्व्हा टॉर्गरसन बाई निळा कोट घालून आल्या. चर्चच्या महिला मंडळाने लिंबू सरबताची मोठी पिंपं मांडली, पण त्यात फक्त लिंबू आणि साखर होती. पाणी समारंभानंतर, चौकातल्याच एका घराच्या नळाने भरायचं होतं. सुरक्षित ठरलेल्या नळाचं पहिलं पाणी सगळ्यांनी एकत्र प्यावं ही मार्व्हा बाईंची कल्पना. सगळ्यांना ती फार हृद्य वाटली.

मार्व्हा बाईंनी भाषण केलं. जागरूकता ही वाहत्या पाण्यासारखी असते, ती पुढेच जात राहिली पाहिजे, असं त्या म्हणाल्या. मग मुलांसाठी बक्षीस म्हणून अग्निशामक दलाच्या प्रमुखांनी मोठा पाना लावून बंबाचा नळ पूर्ण उघडला.

पुस्तिकेत दाब पडण्याची जी दोन कारणं दिली होती त्यातलं हे दुसरं, हे चौकातल्या कुणाच्या ध्यानात आलं नाही. पुस्तिका पुरी वाचलेली एकच व्यक्ती तिथे होती, आणि ती ऑगीच्या डोक्यावर टोपी टिकते का ते बघत होती.

पाण्याचा खांब उसळला, पोरं किंचाळत त्यात शिरली, कुणाची तरी चप्पल गटारातून वाहून गेली. मोठी माणसं "छान गारवा आहे" असं म्हणाली. बऱ्याच वेळाने नळ बंद झाला. महिला मंडळाने पिंपं भरली, मोठ्या पळ्यांनी ढवळली, आणि पहिला पेला मार्व्हा बाईंना दिला.

मार्व्हा बाई प्यायल्या. थांबल्या. म्हणाल्या, "वेगळं आहे हं."

वेस्ट टॅमरॅकमध्ये एखादा पदार्थ "वेगळा आहे" असं कुणी म्हटलं, तर तो पदार्थ करणारीने घरी जाऊन रडायचं असतं. महिला मंडळाच्या अध्यक्षा पांढऱ्या पडल्या. त्यांचा चेहरा पाहून मार्व्हा बाईंना वाईट वाटलं, म्हणून त्यांनी दुसरा पेला मागून घेतला. दुसरा घेतल्यामुळे मागच्यांना पहिला नाकारता येईना. रांग सरकू लागली. प्रत्येक जण घोट घ्यायचा, क्षणभर दूरवर कुठेतरी बघायचा, "वेगळं आहे" म्हणायचा, आणि तसं म्हटल्याची भरपाई म्हणून आणखी एक घ्यायचा.

"यात काय घातलंय?" एल्डननी विचारलं.

"लिंबू, साखर, पाणी," अध्यक्षा म्हणाल्या.

एल्डननी पुन्हा घोट घेतला. "नारळ नाही?"

"नाही हो."

"मग कॉड लिव्हर तेल?"

अध्यक्षांनी मान फिरवली. एल्डननी घाईघाईने पेला पुढे केला. "आणखी दे. मला आवडतं ते."

सोल्वेने सरबत घेतलं नाही, ऑगी चुळबुळत होता म्हणून. त्याच्या दुधाची वेळ झाली होती. ती चढ चढून घरी गेली. कितीतरी आठवड्यांत प्रथमच तिने भांडं सरळ नळाखाली धरलं, पाणी उकळलं, निववलं, पावडर कालवली. मनावरचं ओझं उतरलं की हात किती हलका चालतो हे तिला जाणवलं. ऑगीने बाटली एका दमात संपवली. अलीकडे तो निम्मं दूध टाकायचा. संपवून तो ढेकर देऊन हसला.

तेवढ्यात नेल्स मागच्या दारातून आत आला. "टब फुटला वाटतं."

"कुठला टब?"

"याचा. हवा भरायचा. रिकामा ठणठणीत पडलाय."

"मघाशी तर काठोकाठ होता."

"तेच म्हणतोय. आणि टब फुटला तर खालचं गवत ओलं हवं ना? गवत तर कोरडं."

सोल्वे मागे गेली. ऑगीचा निळा टब खरोखरच रिकामा होता. तळाशी प्लॅस्टिकचं बदक एका कुशीवर पडलं होतं. समारंभाआधी ऑगी या टबात चांगला तासभर बसला होता, डायपरशिवाय, कारण अंगावर पुरळ होतं. त्याआधी तिने त्याला उन्हाचं मलम चोपडलं होतं, त्याला नारळाचा वास येतो. त्याच्याखाली पुरळाचं मलम, ते कॉड लिव्हर तेलाचं. बाळ पाण्यात तासभर बसलं की त्यात आणखी कशाची भर पडते हे आयांना सांगायला नको. पाणी शिळं होऊ नये म्हणून तिने रबरी पाइपाचं तोंड टबात सोडून नळ थेंब थेंब चालू ठेवला होता. मग चौकातून बँडचा आवाज आला आणि ती पोराला पुसून तशीच निघाली होती.

पाइपाचं तोंड अजून टबातच होतं. नळही चालूच होता, आणि त्यातून आता पुन्हा थेंब थेंब पाणी येत होतं, निष्पापपणे.

लिंडक्विस्टांचं घर गल्लीत सगळ्यात वर, चढाच्या टोकाला.

भिंतीवरच्या पितळी साधनाच्या गळ्यात पिवळी पट्टी डोलत होती. त्याची काही चूक नव्हती. ते फवाऱ्यांचं होतं आणि फवाऱ्यांचं एक थेंबही पाणी त्याने मागे जाऊ दिलं नव्हतं. रबरी पाइप ज्या नळाला लावलेला असतो त्या नळाच्या तोंडावर एक छोटं पितळी टोपण असतं, पाइपातलं पाणी मागे जाऊ न देणं हेच त्याचं काम. ते तिथे नव्हतं. ते सोल्वेनेच एप्रिलमध्ये पकडीने फिरवून काढलं होतं, कारण पितळात शिसं असू शकतं असं तिच्या वाचनात आलं होतं आणि ऑगी त्या नळाच्या आसपास रांगायचा.

तिने सावकाश हिशेब मांडला. काठोकाठ भरलेला टब. स्प्रूस गल्ली. चौकातलं घर. महिला मंडळाची पिंपं. एल्डन, तीन पेले.

"काय झालं?" नेल्सने विचारलं.

"काही नाही. टब फुटलेला नाही."

ती ऑगीला त्याच्याकडे देऊन पुन्हा चौकात गेली. हे आपण सांगितलं पाहिजे याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. खुर्च्या आवरणं चाललं होतं. तिने मार्व्हा बाईंना बाजूला घेतलं, हवेबद्दल बोलली, हायवेबद्दल बोलली, आणि मार्व्हा बाईंनी गाडीचं दार उघडून एक पाय आत ठेवल्यावर म्हणाली, "मार्व्हा, मला वाटतं आज दुपारी इथे उलटा प्रवाह झाला."

मार्व्हा बाईंनी पाय बाहेर काढला. "कुठे?"

"आमच्या गल्लीत."

"कुठली तुमची गल्ली?"

"हीच. स्प्रूस."

मार्व्हा बाईंच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू आलं. "अगं, स्प्रूस शंभर टक्के आहे."

"हो, पण..."

"मग कसा होईल? शंभर टक्के गल्लीत उलटा प्रवाह होत नाही. म्हणून तर तिला शंभर टक्के म्हणायचं."

"पण समजा झाला."

मार्व्हा बाईंनी खरोखर विचार केला. त्या कामसू बाई होत्या, कुणाचं म्हणणं उडवून लावत नसत. "समजा झाला," त्या म्हणाल्या, "तर तो शंभराच्या पुढचा. त्याला आमच्याकडे जागा नाही. जास्तीत जास्त तो पुढच्या वर्षीच्या शंभरात घेता येईल." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "तू आई आहेस. झोप होत नसेल. माझंही असंच व्हायचं. सरबत घेतलंस की नाही?"

"नाही."

"घे की. वेगळं आहे, पण सवय होते."

स्प्रूस गल्लीतलं कुणीही आजारी पडलं नाही. एल्डनचं पाठीवरचं जुनं गजकर्ण आठवड्यात बरं झालं, त्याचं श्रेय त्यांनी डिवेनला दिलं. महिला मंडळाने पुढच्या रविवारी पुन्हा तेच सरबत केलं, तीच लिंबं, तीच साखर. लोक प्यायले आणि म्हणाले की चांगलं आहे, पण त्या दिवसासारखं काही नाही. अध्यक्षा घरी जाऊन रडल्या. महिनाअखेरच्या सभेत चाचणी वर्षातून दोनदा व्हावी असा ठराव आला आणि जागरूकता समितीच्या प्रमुखपदी एकमताने सोल्वे लिंडक्विस्टची निवड झाली, कारण इतकी काळजी करणारी दुसरी व्यक्ती गल्लीत नव्हती.

ते सगळं पुढे. त्या शनिवारी संध्याकाळी ती घरी आली, छोटं पितळी टोपण ड्रॉवरमधून शोधून नळाच्या तोंडावर परत घट्ट बसवलं, पाइप गुंडाळून टांगला, आणि स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून तिने नेल्सला सगळं सांगितलं. नेल्स दोन पेले प्यायला होता.

"म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांनी ऑगीचं..."

"हो."

"आणि ऑगीनेही."

"त्याचं त्यालाच परत मिळालं," सोल्वे म्हणाली. "तेवढं एकच न्याय्य झालं."

ऑगी जमिनीवर बसून रिकाम्या बाटलीचं झाकण चघळत होता आणि मजेत होता.

नेल्सने उसासा सोडला आणि गाडीची किल्ली घेतली. "किती कॅन आणू?"

सोल्वेने नळाकडे पाहिलं. मग उठली, पेला भरला, उजेडात धरला, आणि सगळा प्यायली.

"नको आणूस," ती म्हणाली. "आज निदान कुणाचं आहे ते माहीत आहे."

सोल्वेला नावं ठेवावीत असं ज्या वाचकांना वाटत असेल त्यांनी जरूर ठेवावीत. फक्त त्याआधी आपल्या वरच्या मजल्यावर, शेजारी, किंवा एकाच टाकीचं पाणी येणाऱ्या समोरच्या घरी लहान बाळ आहे का, असल्यास ते टबात किती वेळ बसतं, आणि त्याला कुठल्या मलमाचा गुण येतो, एवढी चौकशी करून ठेवावी. तीही आत्ताच नको. हातात जो पाण्याचा पेला आहे तो आधी संपवा. अर्धा तर पिऊन झालाच आहे, आणि आजवर तुम्हाला तो कधी वेगळा लागलेला नाही.